मागच्या फळीतलं करिअर

मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, पॉइंट कुक, वेरिबी या भागांत हिवाळ्यातल्या रविवारी मैदानाच्या कडेला थर्मासमधला चहा पीत उभे असलेले मराठी आईबाप आता नवलाचे राहिलेले नाहीत. मुलगा शाळेतल्या दोस्तांबरोबर फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, खेळायला लागतो, वर्षभरात त्याला आईवडिलांपेक्षा जास्त नियम कळायला लागतात आणि मग एक दिवस कोच त्याला पुढून उचलून बचावफळीत टाकतो. घरी जाताना गाडीत बापाचा चेहरा उतरलेला असतो. पोराला गोल मारू देत नाहीत, म्हणजे ते त्याला कच्चा समजतात, असा त्याचा हिशेब.

हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे समजून घेतल्याशिवाय पुढच्या कुठल्याही सल्ल्याला अर्थ नाही. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या अलीकडच्या इतिहासातले तीन अंतिम सामने पाहा. २००५ साली सिडनी स्वान्स चार गुणांनी पुढे होते आणि शेवटच्या काही सेकंदांत वेस्ट कोस्टचा लांब फटका थेट त्यांच्या गोलसमोर आला. खेळाडूंच्या घोळक्यात उडी घेऊन लिओ बॅरीनं तो झेलला, लगेच भोंगा वाजला आणि ७२ वर्षांनी त्या क्लबला विजेतेपद मिळालं. बॅरी बचावपटू. २००९ साली शेवटच्या क्वार्टरमध्ये जीलाँग आणि सेंट किल्डा बरोबरीत असताना जीलाँगच्या मॅथ्यू स्कार्लेटनं जमिनीवरचा चेंडू बुटाच्या टोकानं गॅरी अॅब्लेटकडे ढकलला आणि त्यातून पुढचा गोल झाला. स्कार्लेट फुल बॅक. २०१८ साली वेस्ट कोस्टला विजय मिळवून देणारा डॉम शीडचा तो अवघड कोनातला फटका सगळ्यांना आठवतो. पण ती साखळी सुरू झाली दुसऱ्या टोकाला, जेरेमी मॅकगव्हर्ननं कॉलिंगवूडचा चेंडू हवेत अडवला तिथून. फरक पाच गुणांचा.

तेव्हा कोचनं मागे टाकलं की पेढे वाटायला हरकत नाही. निदान तोंड पाडू नका.

आता कामाचं स्वरूप. मैदान लंबगोल. त्याला एकच ठरलेलं माप नाही, लांबी दीडशे मीटरच्या आगेमागे धरा. प्रत्येक टोकाला चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेनं मारलेला चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. एका बाजूचे अठरा जण मैदानावर, वीस मिनिटांचे चार क्वार्टर, आणि खेळ थांबतो तो वेळ वर वाढवून मिळतो. लाथेनं मारलेला चेंडू किमान पंधरा मीटर येऊन कुणी थेट झेलला की तो मार्क. झेलणाऱ्याला निवांत फटका मारायला मिळतो. नवशिक्याला इतकं पुरे.

बचावपटूचा सगळा धंदा त्या सहा आणि एकमधल्या फरकावर चालतो. थोडं गमावून मोठं नुकसान टाळायचं. झेल घेता येत नसेल तर मूठ मारून चेंडू उडवायचा, याला स्पॉइल म्हणतात. तेही जमत नसेल तर प्रतिस्पर्ध्याचा फटका बाजूच्या फटीत ढकलून एका गुणावर भागवायचं. ही युक्ती इतकी चालली की २००८ च्या अंतिम सामन्यात हॉथॉर्ननं असे अकरा गुण मुद्दाम दिले आणि सामना जिंकला. पुढच्याच वर्षी नियम आला: दबाव नसताना मुद्दाम चेंडू आपल्याच रेषेपलीकडे नेलात तर प्रतिस्पर्ध्याला गोलसमोर फ्री किक. हा नियम मुलाला पहिल्याच मोसमात समजावून सांगा. लहान गटातली पोरं टीव्हीवर पाहून हे करायला जातात आणि पंचाची शिट्टी वाजली की गोंधळतात.

मागच्या फळीत तीन प्रकारची माणसं लागतात. उंच फॉरवर्डला धरून ठेवणारे फुल बॅक आणि सेंटर हाफ बॅक. चपळ, बुटक्या फॉरवर्डच्या मागे लागणारा बॅक पॉकेट. आणि हाफ बॅक फ्लँकवरचा, चेंडू हातात आला की धावत सुटून हल्ला सुरू करणारा. तेराव्या वर्षी मुलगा यांतला कोण होणार हे ठरवायला जाऊ नका. त्या वयात वर्गातला सर्वांत उंच असलेला पोरगा सतराव्या वर्षी मधला निघतो. आजचा उंच मुलगा फक्त अंगाच्या जोरावर झेल घेत असेल तर त्याला जमिनीवरचा चेंडू उचलायला लावा. बुटक्याला हवेतलं शिकवा. लिओ बॅरी फुल बॅकच्या मानानं ठेंगणाच होता. उडीची वेळ त्यानं साधली होती.

शिकवायचं काय, यावर थोडं थांबतो, कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते.

पहिली गोष्ट नजर. नवा बचावपटू आपल्या माणसाकडे टक लावून बघतो आणि चेंडू डोक्यावरून निघून जातो. कबड्डीत कोपऱ्यावरचा खेळाडू चढाई करणाऱ्याच्या पायावर नजर ठेवून बाकी अंगानं साखळी सांभाळतो, तसं इथे आहे: नजर लांबवर, फटका मारणाऱ्याकडे, आणि आपला माणूस हाताच्या किंवा खांद्याच्या स्पर्शानं ठाऊक असायला हवा. मारणारा दमलेला आहे का, उलट्या पायावर आहे का, त्याच्यावर कुणी झेप घेतंय का, यावरून चेंडू लांब येणार की अलीकडेच पडणार हे कळतं. चांगले बचावपटू फटका बसण्याआधीच दोन पावलं निघालेले असतात. लोक त्याला वेग समजतात.

दुसरी गोष्ट जागा. आपण माणसाच्या आणि गोलच्या मधे असलं पाहिजे, पण इतकं मागेही नाही की त्याला पुढे मोकळं मैदान मिळेल. खांद्याला खांदा लावून त्याची धावेची रेघ दोन फूट बाहेर ढकलली तरी त्याचा झेल अवघड होतो. मात्र पाठीत दोन्ही हात घालून ढकललं की फ्री किक, आणि झेल घेणाऱ्याच्या हातावर वरून फटका मारला तरी फ्री किक. स्पॉइल करताना मूठ चेंडूलाच लागायला हवी.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट निर्णय. झेलायचा, उडवायचा की आपला माणूस सोडून दुसऱ्याच्या मदतीला जायचं? अर्ध्या सेकंदाचा खेळ आहे. कोच मंडळींचा साधा नियम चांगला आहे: शंका असेल तर उडवा, आणि उडवलात तर सीमारेषेकडे उडवा, मधोमध नको. चेंडू लंबगोल असल्यामुळे टप्पा कुठे जाईल सांगता येत नाही, त्यामुळे गोलसमोर उडवलेला चेंडू म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या बुटक्या फॉरवर्डला आयतं जेवण. पण नुसतं उडवणाऱ्याला आजच्या खेळात वरच्या पातळीवर जागा मिळणं कठीण. मॅकगव्हर्न, रिचमंडचा अॅलेक्स रान्स, जीलाँगचा टॉम स्टुअर्ट, ब्रिस्बेनचा हॅरिस अँड्र्यूज यांची किंमत वाढली ती आपला माणूस सोडून दुसऱ्याच्या वाट्याचा झेल तोडण्यामुळे. तो अंदाज चुकला तर मागे मोकळा फॉरवर्ड आणि सरळ सहा गुण. म्हणून आधी धरून ठेवायला शिकायचं आणि मग सोडायला. उलट क्रमानं शिकलेले हुशार दिसतात, पण संघात टिकत नाहीत.

आणि तोंड. मैदानावर आमची मराठी मुलं शांत असतात, असं एकदोन कोचनी मला सांगितलं आहे. घरी ज्या आवाजात भावंडाशी भांडतात तो आवाज मैदानावर हरवतो. बचावफळीत ही शांतता महागात पडते. मागच्या माणसाला सगळं मैदान समोर दिसतं. कोण मोकळा आहे, कोण मागून येतोय, हे त्यानं ओरडून सांगायचं असतं. सरावात आठवड्यातून एकदा तरी मुलाला मुद्दाम हे करायला लावा.

शेवटी फटका. प्रतिस्पर्ध्याचा एक गुण झाला की गोलसमोरच्या चौकोनातून चेंडू परत खेळात आणायचा असतो. २०१९ पासून त्यासाठी आधी स्वतःलाच फटका मारून घेण्याची अट नाही, सरळ धावत सुटता येतं. त्यामुळे ज्याचा फटका अचूक त्याच्याकडे हे काम येतं आणि संघाच्या हल्ल्याची सुरुवात त्याच्या बुटातून होते. दोन्ही पायांनी, तीस-पस्तीस मीटर, उभ्या साथीदाराच्या छातीवर. याचा सराव मागच्या अंगणात होत नाही, पार्कात जावं लागतं, आणि चेंडू आणून द्यायला तुम्ही लागता.

सामना बघताना गोलांच्या पाटीवरून मुलाचं मोजमाप करू नका. त्यानं धरलेल्या फॉरवर्डला किती वेळा मोकळा चेंडू मिळाला, आपल्या मुलाचे स्पॉइल कुठे पडले, चेंडू दुसऱ्या टोकाला असताना तो कमरेवर हात ठेवून उभा होता की पुढे सरकत होता, एवढं पाहा. हे शेवटचं सर्वांत बोलकं. क्लबांचे शोधक मैदानावर येतात तेव्हा चेंडूपासून शंभर मीटरवरच्या मुलाकडे बघत बसतात, हे नवख्या पालकांना विचित्र वाटतं.

बक्षिसांचा हिशेबही आधीच समजून घेतलेला बरा. सर्वाधिक गोल करणाऱ्याला कोलमन मेडल मिळतं. बचावपटूसाठी तसं काही नाही. पंचांच्या मतांवर दिलं जाणारं ब्राउनलो मेडल १९९३ साली एसेंडनच्या गॅव्हिन वँगनीनला बॅक पॉकेटमध्ये खेळून मिळालं होतं, पण त्यानंतर ते बहुतेक वेळा मधल्या फळीतल्यांकडेच गेलं. मागच्या माणसाचा खरा मान म्हणजे वर्षअखेरीच्या ऑल-ऑस्ट्रेलियन संघातल्या बचावाच्या सहा जागा. रान्सला ती जागा सलग पाच वर्षं मिळाली, २०१४ ते २०१८.

वाट साधारण अशी. लहानपणी ऑस्किक हा बालगटाचा कार्यक्रम, मग वयोगटातला स्थानिक क्लब. पंधरा-सोळाच्या सुमारास व्हिक्टोरियात टॅलेंट लीगच्या संघाच्या चाचण्या; पश्चिमेकडच्या मुलांसाठी तो संघ वेस्टर्न जेट्स. तिथून राज्याचा अठराखालचा संघ आणि राष्ट्रीय स्पर्धा. वर्षअखेरीच्या आधी निवडक मुलांची चाचणी होते: वीस मीटरची धाव, दोन किलोमीटरची धाव, उभी उडी. नोव्हेंबरमध्ये ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी आळीपाळीनं नवे खेळाडू निवडणं. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणारी मुलंच पात्र. म्हणजे वय आणि बारावीचं वर्ष एकमेकांवर आदळतं. मराठी घरात यावरून किती वादळं होतील ते सांगायला नको. एसेंडनचा डस्टिन फ्लेचर १९९३ साली बारावीत शिकत असतानाच विजेत्या संघातून अंतिम सामना खेळला. पण त्याचे वडीलही त्याच क्लबचे खेळाडू होते, आणि अशी उदाहरणं नियम म्हणून धरू नयेत. व्हीसीई, म्हणजे अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम, दोनऐवजी तीन वर्षांत विभागून देता येतं. शाळेशी अकरावी सुरू होण्याआधीच बोला.

वडील शंभर सामने खेळलेले असल्याशिवाय मिळत नाही अशी फादर-सन वाट आपल्यासाठी बंदच आहे. पण दुसरी एक वाट आहे आणि ती अनेक भारतीय पालकांना माहीतच नसते. २०१६ पासून क्लबांच्या नेक्स्ट जनरेशन अकादमी आहेत. आदिवासी मुलांबरोबरच, आशिया किंवा आफ्रिकेत जन्मलेल्या, किंवा आई-वडिलांपैकी एकाचा जन्म तिथे झालेल्या मुलांसाठीही त्या आहेत. पुण्यात किंवा सांगलीत जन्मलेल्या आईचा मेलबर्नमधला मुलगा यात बसतो. अकादमीत गेला म्हणजे ड्राफ्टमध्ये निवडला जाईलच असं नाही. दुसऱ्या क्लबनं त्याच्यावर बोली लावली तर आपल्या क्लबला ती जुळवावी लागते, आणि हे नियम वरचेवर बदलतात. पण व्यावसायिक कोचच्या हाताखाली सराव मिळतो, तेही लहान वयात. तुमचा पत्ता कुठल्या क्लबच्या हद्दीत येतो ते विचारून घ्या. सिडनी, ब्रिस्बेन, गोल्ड कोस्ट भागात तिथल्या क्लबांच्या वेगळ्या अकादमी आहेत.

अठराव्या वर्षी नाव पुकारलं गेलं नाही तर? उंच बचावपटूच्या बाबतीत हे फार मनावर घेऊ नये. त्याचं शरीर भरायला आणि डोकं शांत व्हायला वेळ लागतो. मॅकगव्हर्न नवशिक्यांच्या रुकी यादीतून आत आला आणि पहिला सामना खेळायला २०१४ उजाडलं; पुढे तो पाच वेळा ऑल-ऑस्ट्रेलियन झाला. स्टुअर्टला जीलाँगनं २०१६ च्या अखेरीस घेतलं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि राज्यस्तरीय व्हीएफएलमध्ये खेळत होता. २०१९ पासून मोसमाच्या मध्यावरही एक छोटा ड्राफ्ट होतो. तेव्हा दोन-तीन वर्षं व्हीएफएल, दक्षिण ऑस्ट्रेलियातलं एसएएनएफएल किंवा पर्थकडचं डब्ल्यूएएफएल खेळत, बरोबर शिक्षण किंवा काम करत थांबणं हा शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र त्याला मुदत घाला. पंचवीस उलटल्यावर क्वचितच कुणी विचारतं.

निवड झाली की घर सुटू शकतं. अठरा क्लबांपैकी दहा व्हिक्टोरियातले, बाकी अॅडलेड, पर्थ, सिडनी, ब्रिस्बेन, गोल्ड कोस्ट असे पसरलेले. कुठे जायचं ते मुलगा ठरवत नाही. पहिला करार साधारण दोन वर्षांचा, पहिल्या फेरीतल्यांना तीन. एकाच क्लबमध्ये आठ वर्षं काढल्यावर फ्री एजंट म्हणून हवा तो क्लब निवडण्याची मुभा मिळू लागते. लीग आणि खेळाडूंमधल्या २०२३ च्या सामूहिक करारानुसार सरासरी वार्षिक मानधन २०२७ पर्यंत पाच लाख डॉलरच्या वर जाईल. आकडा मोठा आहे, पण सरासरी वर ओढणारे मोजके तारे असतात, आणि दोन वर्षांनी यादीतून वगळलेल्या वीस वर्षांच्या मुलाच्या हाती त्यातलं फार थोडं लागतं. पहिल्या पगारातून गाडी नको, हा सल्ला कुठल्याही मराठी बापाला सुचेल. तो इथे बरोबर आहे.

यापुढचं मी हलकेपणानं लिहू शकत नाही. बचावपटू चेंडूकडे बघत मागे धावतो आणि समोरून दुसरा कुणी चेंडूकडे बघत धावत येतो. या खेळात त्याला धैर्य म्हणतात, आणि डोक्याला मार लागण्याचा तो एक खात्रीचा प्रकार आहे. कॉलिंगवूडचा नेथन मर्फी २०२३ च्या अंतिम सामन्यात डोक्याला मार लागून बाहेर गेला, संघ जिंकला, आणि पुढच्या वर्षी तज्ज्ञांच्या सल्ल्यानं त्यानं खेळ सोडला. मॅकगव्हर्नलाही २०२५ साली याच कारणानं १९७ सामन्यांवर थांबावं लागलं. सेंट किल्डाचा माजी कर्णधार, फुल बॅक डॅनी फ्रॉली याचं २०१९ साली निधन झालं. त्याच्या मेंदूच्या तपासणीत सीटीई हा आजार आढळला. वारंवारच्या मारांशी जोडलेल्या या आजाराचं जिवंतपणी निश्चित निदान करता येत नाही.

म्हणून नियम पाठ करा. एएफएल या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये असा मार लागल्यावर परतायला किमान बारा दिवस. २०२१ साली अॅडलेडच्या महिला संघाची कर्णधार, बचावपटू चेल्सी रँडल, याच नियमामुळे अंतिम सामन्याला मुकली. नियम तिच्यासाठी वाकला नाही, आणि ते योग्यच झालं. स्थानिक आणि मुलांच्या फूटीत मुदत त्याहून मोठी आहे: किमान एकवीस दिवस, आणि अंगाला भिडणाऱ्या सरावात परतण्याआधी सलग चौदा दिवस कुठलंही लक्षण नको. शंका आली की त्याच क्षणी मैदानाबाहेर, आणि परत येण्याआधी डॉक्टर. मुलगा "आता बरं वाटतंय" म्हणेल. अंतिम सामन्याच्या आठवड्यात तर नक्की म्हणेल. त्याचं ऐकू नका. कोच घाई करत असेल तर क्लब बदला. दुसऱ्याच्या डोक्याचीही तितकीच काळजी: स्टुअर्टसारख्या मातब्बर खेळाडूला २०२२ साली चेंडू नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला खांदा मारल्याबद्दल चार सामने बाहेर बसावं लागलं.

गुडघ्याचं दुखणं वेगळं. रान्सचा गुडघा २०१९ च्या पहिल्याच सामन्यात गेला, त्या वर्षी त्याचा संघ त्याच्याविना जिंकला आणि डिसेंबरमध्ये तिशीतच, बरोबर दोनशे सामन्यांवर त्यानं निवृत्ती घेतली. उलट फ्लेचर चारशे सामने खेळून चाळीशीत थांबला. दोघेही अव्वल. यातून काही अंदाज बांधता येत नाही, एवढंच. उतरण्याचा आणि वळण्याचा सराव मात्र लहानपणापासून करता येतो. मुलींमध्ये गुडघ्याच्या या दुखापतीचं प्रमाण जास्त असल्यानं एएफएलनं ला ट्रोब विद्यापीठाबरोबर 'प्रेप टू प्ले' नावाचे व्यायाम तयार केले आहेत. मुलगी खेळत असेल तर तिचा कोच ते सरावात घेतो का, हे पहिल्या दिवशीच विचारा. महिलांची व्यावसायिक स्पर्धा २०१७ साली सुरू झाली, २०२२ पासून सर्व अठरा क्लबांचे संघ त्यात आहेत आणि एका बाजूला सोळा जणी खेळतात. मैदान तेवढंच आणि माणसं कमी असल्यानं मागच्या मुलीला जास्त जागा राखावी लागते. तिथे मानधन पुरुषांपेक्षा बरंच कमी आहे, बहुतेक जणी नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळतात. आखणी तशीच ठेवा.

खेळाडूंची संघटना १९७३ पासून आहे, आणि शिक्षणासाठी ती अनुदान देते. करारावर सही झाली की पहिल्या महिन्यात तिथे नाव घालून एखादा अभ्यासक्रम सुरू करावा, मग तो विद्यापीठातला असो की टेफमधला सुतारकामाचा. आठवड्यातला अर्धा दिवस तरी त्यासाठी राखावा. खेळातच राहायचं असेल तर कोचिंगमध्ये मागच्या फळीतल्यांना चांगले दिवस आहेत. रिचमंडला तीनदा जिंकवून देणारा डेमियन हार्डविक आणि जीलाँगला २०११ व २०२२ साली विजेतेपद मिळवून देणारा ख्रिस स्कॉट, दोघेही बचावपटू. सगळं मैदान समोर ठेवून वर्षानुवर्षं खेळल्याचा तो फायदा असावा. खेळ असा समोरून वाचण्याची सुरुवात चौदा-पंधराव्या वर्षीही करता येते: स्थानिक लीगमध्ये लहान गटांच्या सामन्यांत पंच लागतात, शिकवून घेतात आणि सामन्यामागे थोडे पैसेही देतात. शिट्टी आपल्या तोंडात असली की पाठीतला हात आणि हातावरचा फटका कसा दिसतो ते मुलाला दोन रविवारांत कळतं.